साडेबावीस हजारांचं गुंडाळी स्ट्रेचर: दीड वर्ष वापरल्यावर

अकोले तालुक्यात राजूरला माझं किराणा दुकान आहे. त्याच्या माळ्यावर, साखरेच्या पोत्यांशेजारी, आमच्या रेस्क्यू टीमचं सामान असतं. टीम म्हणजे चौदा जण. दोन मास्तर, एक वायरमन, कळसूबाईच्या पायथ्याची बारी आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची पाचनई इथली गाईड पोरं, आणि मी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर पोकलेन नेता आला नाही, मदतीला गेलेली माणसं पायीच चढली. ते बघून आपल्याकडेही असं काही हवं म्हणून आम्ही वर्गणी काढली. गणपतीतले उरलेले पैसेही त्यातच घातले.

काय घ्यायचं यावर पहिल्याच बैठकीत भांडण. पोरांना रोप म्हणजे दोर, हार्नेस म्हणजे कमरेचे पट्टे, पुल्या हव्या होत्या. मी वही काढली आणि आधीच्या दोन वर्षांत गावकऱ्यांना किती वेळा धावावं लागलं ते वाचून दाखवलं. मुरगळलेले घोटे, पाणी संपून आलेली चक्कर, मधमाश्या, काजव्यांच्या दिवसांत रात्री वाट चुकलेले. कड्यावरून पडलेला एकच, आणि त्यालाही शेवटी उचलूनच आणावं लागलं होतं. म्हणून आधी स्ट्रेचर.

तोवर आमच्याकडे झोळी. गोधडीच्या दोन टोकांना गाठी, मधून बांबू, पुढे एक मागे एक. इथल्या वाड्यांवरून बाळंतिणी अशाच खाली आल्यात, तिला नावं ठेवणार नाही. पण झोळीत माणूस मधोमध दुमडतो. मोडलेल्या पायाचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आता वस्तू. जाड प्लॅस्टिकचा नारिंगी पत्रा, कडेला पितळी भोकं, पट्टे आणि सहा हँडल. गुंडाळून पिशवीत घातलं की पाठीवर मारायचं. दुकानाच्या काट्यावर पिशवीसकट साडेआठ किलो भरलं. एकटा माणूस वर पळत घेऊन जातो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. उघडल्यावर मात्र परत गुंडाळायला बघतं, उलटं वाकवून एकाने गुडघा ठेवावा लागतो. थंडीत तर अजूनच हट्टी.

खरी परीक्षा ऑगस्टात कळसूबाईवर झाली. पन्नाशीतल्या एक बाई, शिडीच्या वर घसरून घोटा मोडलेला, वरून पाऊस. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे गर्दीही तशीच. पायाला पुठ्ठ्याची फळी बांधली, पट्टे आवळले. बाई म्हणाल्या, "अहो, मला शवासारखं बांधताय की काय!" आमचा एक जण म्हणाला, "मावशी, हसताय ना, मग बरंय."

शिडीवरून स्ट्रेचर उभं सोडलं. रोप शिडीच्या रेलिंगला नाही, वरच्या दोन वेगवेगळ्या कातळांना स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टीचे फास, घालून बांधला. एक जण शिडीवर खाली राहून स्ट्रेचर दगडांपासून लांब धरत होता. उभं झाल्याबरोबर मावशी चार बोटं खाली सरकल्या आणि मोडक्या पायावर भार आला. किंचाळल्या. पायाशी आधार देणारा वेगळा पट्टा यात नाहीच, ही याची सगळ्यात मोठी खोट. आता आम्ही मांड्यांमधून टेप स्लिंगचा फास घालतो, मगच उभं करतो.

दुसरी खोट हँडलची. अर्ध्या तासात तळहाताला वळ. वायरमनने ठिबकच्या नळीचे वीतभर तुकडे उभे चिरून वर चढवले, काम झालं. तिसरी, प्लॅस्टिकमध्ये वारा जात नाही. उन्हात पेशंट उकडून निघतो, दर थांब्याला पट्टे सैल करून पाणी पाजा. आणि हे पाठीच्या कण्यासाठी पुरेसं नाही. मणक्याची शंका असेल तर खाली स्पाइन बोर्ड, म्हणजे न वाकणारी फळी, हवाच.

सोबत आलेल्या रोपाबद्दल मात्र राग आहे. टोकाला ना पट्टी, ना खूण. खाली सोडायचा रोप कमी ताणाचा, ईएन १८९१ टाइप ए (अशा रोपांचं युरोपियन मानक) छापलेला लागतो. तो २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन हजार दोनशे किलोला तुटता कामा नये. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "साहेब, सगळे हाच वापरतात." त्या रोपाने आता माझ्या टेम्पोवरची ताडपत्री बांधलेली असते. खरा रोप वेगळ्या पैशांनी आणला. चढाईचा रबरासारखा ताणणारा रोप यासाठी घेऊ नका, पेशंट यो-यो होतो.

नवीन टीम काढणाऱ्यांसाठी जाता जाता. स्ट्रेचर उचलायला सहा जण पुरत नाहीत. दर दहा मिनिटांनी खांदेपालट लागते, त्या दिवशी मावशींना बारीत आणायला आम्ही आणि गावचे मिळून एकवीस जण होतो, तरी चार तास लागले. म्हणून आधी माणसं, मग सामान. पोलीस ठाण्यात आणि तहसीलला टीमची यादी देऊन ठेवा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडून घ्या, मदतीचा फोन जवळच्या टीमकडे वळवायचं काम ते करतात. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या जुन्या टीमसोबत चार दिवस नुसतं ओझं वाहिलंत तरी खूप शिकाल.

पाचापैकी साडेतीन. पायाचा पट्टा दिला असता तर चार, आणि तो रोप दिलाच नसता तर साडेचार. परत घ्यायचं झालं तर हेच घेईन, फक्त स्ट्रेचर एकटं मागवीन.

वापरून झालं की धुऊन सावलीत वाळवतो, उन्हात नाही. आणि हो, मागच्या महिन्यात मी संगमनेरला लग्नाला गेलो होतो तेव्हा पाचनईहून फोन आला, आणि माळ्याची किल्ली माझ्या खिशात. पोरांनी झोळीच नेली. आता स्ट्रेचर पाचनईला एकाच्या पडवीत टांगलंय, दुसऱ्यासाठी वर्गणी चालू आहे.