आरची अंगभूत गणिती फंक्शनं सी++मधून: पावसाळाभर वापरल्यानंतर

गोव्यातल्या वाळपई, सांगे, पणजी अशा ठिकाणच्या रोजच्या पावसाच्या आकड्यांवर गॅमा वितरण (पावसासारख्या धन आकड्यांना बसणारा संभाव्यतेचा वक्र) बसवायचं आणि तेच काम बूटस्ट्रॅपमध्ये (त्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन) हजारो वेळा करायचं, तर आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेतला साधा लूप पुरत नाही. लूप आरसीपीपीने (आरला सी++शी जोडणारं पॅकेज) सी++मध्ये नेला. पण घनता आणि संचयी संभाव्यता काढायला फंक्शनं कुठली घ्यायची? पावसाळाभर वापरून मत ठाम झालंय: आरची स्वतःचीच घ्या. ती वर्षानुवर्षं घासूनपुसून झालेली आहेत, आणि पॅकेजमधून वापरताना वेगळी लायब्ररी लिंक करावी लागत नाही.

फक्त ती बोलवायची वाट नीट निवडा. आरमधलं डीगॅमा (गॅमाची घनता काढणारं) फंक्शन ऑब्जेक्ट म्हणून सी++मध्ये आणून लूपमध्ये बोलावलं, तर प्रत्येक वेळी आकड्याचा आर व्हेक्टर होतो, कॉल तयार होतो, तो आरच्या इव्हॅल्युएटरमधून (कोड चालवणाऱ्या भागातून) जातो. कंपाइल करून कमावलेला वेग तिथेच जातो. त्याऐवजी आरमॅथ.एच हेडरमधली फंक्शनं (आरसीपीपीत ती ‘आर’ नेमस्पेसखाली मिळतात) थेट डबल (दशांश आकड्याचा सी++मधला साधा प्रकार) घेतात आणि एक डबल देतात. मध्ये काहीच नाही.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे गॅमाचा तिसरा आर्ग्युमेंट. आरमध्ये डीगॅमाला क्रमाने आकडे दिले तर शेप (वक्राचा आकार ठरवणारा आकडा) झाल्यावर रेट येतो. आरमॅथ.एचमधल्या सी फंक्शनांत त्याच जागी स्केल (वक्राचा पसारा) असतो, म्हणजे रेटचा व्यस्त. शेप 0.8 आणि स्केल 30 असेल तर ओल्या दिवसाची सरासरी, म्हणजे दोन्हींचा गुणाकार, 24 मिलिमीटर. त्या जागी चुकून रेट, म्हणजे 1/30 गेला, तर सरासरी 0.03 मिलिमीटरच्या आत येते. असा तयार आकडा दिला तर चूक लगेच दिसते. पण ऑप्टिमायझर (सर्वांत चांगले बसणारे आकडे शोधणारा प्रोग्राम) पॅरामीटर शोधत असेल तेव्हा काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही! लाइकलिहूड (नोंदींशी वितरण किती जुळतं त्याचं माप) बरोबर येतं, फिट उत्तम बसतो, फक्त ज्याला आपण रेट म्हणतोय तो स्केल असतो. म्हणून नवं फंक्शन जोडलं की दोन-तीन ठरावीक आकड्यांवर आरचं उत्तर आणि सी++चं उत्तर शेजारी शेजारी छापून बघाच. एक्स्पोनेन्शियललाही हेच लागू.

दुसरी अडचण आपल्या हवामानाची. शेप 1पेक्षा कमी असला की शून्यावर गॅमाची घनता अनंत होते. जानेवारीतला एक कोरडा दिवस यादीत राहिला तरी लॉग-लाइकलिहूडची बेरीज अनंत होते आणि ऑप्टिमायझर पहिल्याच पावलाला अडतो. कोरड्या दिवसांची संभाव्यता वेगळी काढा. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेलेच दिवस घेत असाल, तर वितरण डावीकडे कापलं गेलेलं आहे हे विसरू नका: प्रत्येक दिवसाच्या लॉग घनतेतून पीगॅमाने (गॅमाची संचयी संभाव्यता देणारं फंक्शन) काढलेलं 2.5च्या वरच्या शेपटीचं, म्हणजे त्याहून जास्त पावसाच्या संभाव्यतेचं, लॉग वजा करायचं.

त्यासाठी पीगॅमाचे शेवटचे दोन आर्ग्युमेंट 0 आणि 1 द्यायचे: खालची शेपटी नको, लॉग हवा. सीमध्ये डिफॉल्ट नाहीत, सगळे द्यावेच लागतात, आणि हा जाच उलट उपकारक आहे. कारण एकातून वजा करून वरची शेपटी काढण्याची सवय अतिवृष्टीच्या कामात घातक ठरते. प्रमाण नॉर्मलसाठी 10 या मूल्यावर अशी वजाबाकी सरळ 0 देते, खरं उत्तर 7.6 गुणिले 10चा उणे 24वा घात आहे. उणे 40वर तर खालच्या शेपटीची संभाव्यता इतकी लहान, की ती डबलमध्ये मावतच नाही, लॉग मात्र उणे 804.6 असा व्यवस्थित मिळतो.

यादृच्छिक आकड्यांचं थोडक्यात. आरसीपीपीच्या एक्सपोर्ट ॲट्रिब्यूटने केलेल्या फंक्शनमध्ये सीडची (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणाऱ्या अवस्थेची) देखभाल आपोआप होते. साध्या सीमध्ये सुरुवातीला गेट-आरएनजी-स्टेट आणि शेवटी पुट-आरएनजी-स्टेट आपण लिहायचं. पुट राहिलं तर नवी अवस्था आरपर्यंत पोचत नाही आणि पुढच्या वेळी तेच आकडे पुन्हा येतात. बूटस्ट्रॅपमध्ये हे पटकन लक्षातही येत नाही.

ओपनएमपीच्या (एकाच प्रोग्राममध्ये समांतर काम करवणारी सोय) थ्रेडमधून ही आरमॅथ.एचची फंक्शनं बोलवू नका. चुकीचं मूल्य मिळालं की ती आरची वॉर्निंग उठवतात, आणि आरचा एपीआय (सी++मधून आरशी बोलायचं दार) मुख्य थ्रेडपुरताच आहे. सेशन कोसळू शकतं. समांतर काम हवं तर वेगळ्या प्रोसेस काढा. गाळलेल्या नोंदींसाठी आयएसनॅन (आकडा वैध नाही ना हे पाहणारी) तपासणी पुरते, पण फास्ट-मॅथ हा कंपाइलरचा वेगवाढीचा फ्लॅग लावला की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तो मेकव्हार्स या कंपाइल-सेटिंगच्या फाइलमधून काढूनच टाका.

विंडोजवर आरटूल्सची (कंपाइलर आणि इतर साधनांचा संच) आवृत्ती आरशी जुळवून घ्या: आर 4.4ला आरटूल्स 44, 4.5ला 45. उबुंटूवर त्यासाठी आर-बेस-डेव्ह पॅकेज पुरतं. आणि लांब लूपमध्ये दर काही हजार फेऱ्यांनी युजर इंटरप्ट तपासणारी ओळ टाका, नाहीतर स्टॉप दाबूनही लूप संपेपर्यंत आर ऐकत नाही.