कामोलीतली रंगवलेली खिडकी

१,०६० युरो, सुट्टीच्या घराच्या भाड्यात फसून घालवलेले. तेव्हाच्या भावाने साधारण ९५ हजार रुपये. हा आकडा निघाला की नवरा अजूनही उठून चहा टाकायला जातो, म्हणून हे सगळं मीच लिहितेय.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. २०२५च्या एप्रिलात आई-बाबा हर्णैहून तीन महिन्यांसाठी यायचे होते. बाबा शाळेत मास्तर होते, पण संध्याकाळ बंदरावर मासळीचा लिलाव बघण्यात जायची. मी फोनवर पॅरिस, स्वित्झर्लंड अशी नावं घेत होते. ते म्हणाले, "ते सगळं आईला दाखव गं. मला तिकडचं एखादं बंदर दाखव, होड्या आणि जाळी असलेलं."

तेव्हा मला कामोली सापडलं. इटलीत, जेनोवाच्या पूर्वेला, लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत. छोटं बंदर, जाळी वाळत घातलेली आणि समुद्राला खेटून गेरू, पिवळ्या, गुलाबी रंगांची सहा-सहा मजली घरं. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे मच्छीमारांच्या संताची, सान फोर्तुनातोची, जत्रा असते. सुमारे चार मीटर व्यासाच्या तव्यात मासे तळून लोकांना वाटतात. बाबांनी त्या तव्याचा फोटो बघितला आणि तारखा ठरल्याच.

फेब्रुवारीत शोधायला बसले तर जत्रेच्या आठवड्यात चार माणसांना जागा कुठेच नाही. दोन दिवस शोधल्यावर एका मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या साइटवर एक घर दिसलं. समुद्रासमोर, तिसरा मजला, स्वयंपाकघरात निळ्या-पांढऱ्या फरश्या, खिडकीत लिंबांची टोपली. पाच रात्री, ७६० युरो. लोक म्हणतात, स्वस्ताला भुललात. तसं नव्हतं. इतर दिवसांत त्या गावात साधारण एवढंच भाडं पडतं. जत्रेच्या आठवड्यात जागा मिळतेय, या आनंदाला आम्ही भुललो.

साइटवरून विचारणा केली तर तासाभरात उत्तर आलं: इथलं कॅलेंडर बिघडलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूया. मी बोलले. आता कळतं की फसवणूक तिथेच पुरी झाली, पुढचं सगळं नुसतं आवरायचं होतं. साइटवरच पैसे भरले असते तर निदान दाद मागायला जागा उरली असती.

बाई फार गोड बोलायची. स्वतःला घराची मालकीण म्हणवायची. "लिफ्ट नाही, तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत?" असं तिने आपणहून विचारलं. घर विकणारा माणूस घराचा दोष सांगत नाही, तेव्हा दोष सांगणारी खरीच असणार, असं मला वाटलं. समुद्राकडून काढलेला इमारतीचा फोटो तिने पाठवला. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका हिरव्या झडपांच्या खिडकीभोवती लाल गोल केला होता. खाली लिहिलं होतं, "तुमची खिडकी. सकाळी चहा घेताना समुद्रातून सूर्य वर येताना बघा." मी तो फोटो तसाच घरच्या ग्रुपवर टाकला. आईने चार हात जोडलेले पाठवले.

ती धडधडीत खोटं फारसं बोललीच नाही, आणि मला सांगायचंय ते हेच. इटलीत घरमालकाला पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते, हे खरं. त्यावर तिने चौघांचे पासपोर्ट आगाऊ मागितले. व्हिसासाठी आई-बाबांच्या पासपोर्टच्या प्रती माझ्या लॅपटॉपवर होत्याच, दोन मिनिटांत पाठवल्या. ती माहिती पोचल्यावर द्यायची असते, मूळ पासपोर्ट समोर ठेवून. तीन महिने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो कशाला लागतो, हे मी विचारलंच नाही. गावात पर्यटक-कर असतो, हेही खरं. तो रोख द्या म्हणाली. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत व इमारतीबाहेर लावावा लागतो. तिने मी न मागता क्रमांक दिला. तोही खरा निघाला, फक्त दुसऱ्याच कुणाच्या घराचा.

मग ३०० युरो अनामत, परत मिळणारी. खाते क्रमांकाची सुरुवात 'एलटी'ने होती, म्हणजे लिथुआनिया. इटलीतलं खातं 'आयटी'ने सुरू होतं आणि २७ अक्षरांचं असतं, हे २० अक्षरांचं. नवऱ्याने शंका काढली. ती म्हणाली, ऑनलाइन बँक आहे, आजकाल सगळेच वापरतात. पुन्हा खरंच! आमच्या ऑफिसातल्या दोघांची खाती तशीच आहेत. "आज रात्री अजून एक कुटुंब विचारतंय, दहा सेकंदांत पोचणारं ट्रान्सफर करा," म्हणाली, आणि दहा सेकंदांत ते पोचलं. वर तिने स्वतःचं ओळखपत्र आणि सही-शिक्क्याचा करारही पाठवला. चार पानी.

मे महिन्यात झुरिक, मिलान, जेनोवा अशा गाड्या बदलत आम्ही बुधवारी दुपारी कामोलीला उतरलो. स्टेशनातून उतार आणि पायऱ्या उतरून खाली समुद्रावर गेलो. किल्ली इमारतीखाली घ्यायची होती. तिचा फोन लागेना. मेसेजवर एकच टिक.

इमारत मात्र होती. हुबेहूब फोटोतली. घंटीच्या पाट्यांवर तिचं नाव नव्हतं, पण पाट्यांवर नेहमी भाडेकरूंची नावं थोडीच असतात, असं मी मनाला समजावलं. आई बॅगेवर बसली. तळमजल्यावर फोकाच्याचं, म्हणजे तिथल्या चपट्या पावाचं, दुकान होतं. तिथल्या काकांना मी फोनमधला लाल गोल दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला, बाहेर येऊन वर बघितलं, आणि हवेत ब्रश फिरवल्यासारखा हात हलवला. "फिन्ता," म्हणाले. "फिन्ता, सिन्योरा."

आम्ही चौघं माना वर करून बघत राहिलो. ती खिडकी खिडकी नव्हती. भिंतीवर रंगवलेली होती. हिरव्या झडपा, वरची नक्षी, दगडी चौकट, चौकटीची सावलीसुद्धा, सगळं रंगाचं. त्या किनाऱ्यावर ही जुनी पद्धत आहे. खरी नक्षी परवडत नाही किंवा खिडक्यांची ओळ बिघडते, तिथे रंगाने भागवतात. कामोलीत अशा खिडक्या ढिगाने आहेत. खालून नीट बघूनही खरी कुठली आणि रंगवलेली कुठली ते पटकन कळत नाही. त्या बाईलाही कळलं नसणार. तिने तर गाव पाहिलंही नसेल.

बाबा तोवर समुद्राकडे तोंड करून उभे होते. घड्याळ बघत, ऊन बघत. मग म्हणाले, "अगं, समुद्र तर पश्चिमेला आहे. हर्णैसारखाच. मागे एवढा डोंगर. इथे समुद्रातून सूर्य कुठून उगवायचा?" तीन महिने तो फोटो ग्रुपवर पडून होता. आम्ही चौघांनी ते वाक्य वाचलं होतं. बाबा म्हणाले, मला वाटलं तिकडे असेल तसं.

फोकाच्यावाल्या काकांनी चार ठिकाणी फोन केले, कुठेच जागा नव्हती. शेवटी गाडीने एक स्टेशन मागे, रेको गावात दोन खोल्या मिळाल्या, रात्रीला १९० युरो. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेच्या पुलापायी रेकोवर इतके बॉम्ब पडले की जुनं गाव उरलंच नाही. त्यामुळे तिथल्या खिडक्या साध्या आणि खऱ्या. तिथली चीज भरलेली पातळ फोकाच्या मात्र आईने तीन दिवस मागून मागून खाल्ली. जत्रेच्या दिवशी आम्ही कामोलीला गेलो. आठवतं ते एवढंच की बाबा रांगेत उभे होते आणि मी गर्दीत ओळखपत्रावरच्या त्या बाईसारखी दिसणारी प्रत्येक जण निरखत होते. वेडेपणा नुसता.

दुसऱ्या दिवशी काराबिनिएरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या माणसाने न हसता, न रागावता दोन तास टंकलं. ओळख क्रमांक दुसऱ्या घराचा, हे त्यानेच सांगितलं. जर्मनीत परत आल्यावर इथेही ऑनलाइन तक्रार केली. बँकेने पैसे परत मागवायची विनंती पाठवली. तीन आठवड्यांनी कळलं की खात्यात शिल्लक नाही. फेब्रुवारीतच कळवलं असतं तरी किती उपयोग झाला असता, देव जाणे. तेव्हा खातं कुणाच्या नावावर आहे हे बँका तपासतही नव्हत्या. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो भागातल्या बँकांना ते बंधनकारक आहे. पैसे पाठवताना 'नाव जुळत नाही' अशी सूचना आली तर घाईत पुढचं बटण दाबू नका. भारतातून पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि मग बँकेला. लाज वाटून आठवडा घालवू नका. आमच्या ओळखीत एकाने तो घालवलाय.

पैशांपेक्षा मला पासपोर्ट खुपतात. पैसे गेले, संपलं. आई-बाबांचे नाव, जन्मतारीख, फोटो मात्र कुणाकडे तरी आहेत आणि ते परत मागता येत नाहीत. कदाचित माझ्यासारख्याच कुणाला "ही बघा माझी ओळख" म्हणून बाबांचा पासपोर्ट दाखवला जात असेल. आम्हाला पाठवलेलं तिचं ओळखपत्रही असंच कुण्या बिचारीचं असणार. आता प्रत पाठवायचीच झाली तर मी तिच्यावर आडवं लिहिते, कशासाठी, कुणासाठी, कुठल्या तारखेला.

खोल्यांचे फोटो उलट शोधायला, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते बघायला, मला वहिनीने शिकवलं, रेकोच्या खोलीत बसून, फोनवरून. ते स्वयंपाकघर क्रोएशियातल्या एका घराचं निघालं. पाच मिनिटांचं काम. ती खोड मला अजून आहे, रात्री झोप आली नाही की तो फोटो टाकून बघते.

मागच्या आठवड्यात तो पुन्हा दिसला. नेपल्ससमोरच्या प्रोचिदा बेटावर, मच्छीमारांच्या गावात, समुद्रासमोर. निळ्या-पांढऱ्या फरश्या, खिडकीत लिंबांची टोपली. पाच रात्री, ७८० युरो. मी साइटला कळवलंय. आज सकाळपर्यंत जाहिरात तिथेच होती.