तिमोरास्सो: घाई असलेल्यांनी लांबच राहावं

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर इटलीतल्या तोर्तोनाहून 'देर्तोना' या पांढऱ्या वाइनची एक पेटी मिलानला घरी आणली. निम्म्या बाटल्या ताज्या सालाच्या, निम्म्या सात-आठ वर्षं झालेल्या. तेव्हापासून सवडीने एकेक उघडतोय. आता उन्हाळा सरत आला, मत पक्कं झालंय.

आधी निकाल. ताजी बाटली आणून त्याच संध्याकाळी प्यायलात, तर एवढे पैसे कशाला घातले असं वाटेल. जुनी प्यायलात, तर बाकीच्या पांढऱ्या वाइन काही दिवस पाणचट लागतील.

ही वाइन ज्या द्राक्षाची, ते तिमोरास्सो. इटलीच्या पिएमोंते प्रांताच्या आग्नेय टोकाला, मिलानहून ट्रेनने साधारण तासाभरावर तोर्तोना आहे. देर्तोना हे त्या गावाचं रोमन काळातलं नाव. इथल्या उत्पादकांनी आपल्या तिमोरास्सोला तेच लावलं. सायकलवेड्यांना हा भाग वेगळ्याच कारणाने माहीत असतो, सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं गाव कास्तेल्लानिया इथल्याच टेकड्यांत आहे.

एकेकाळी या टेकड्यांवर हे द्राक्ष मुबलक होतं. मग फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि नव्याने लागवड करताना शेतकरी कोर्तेझे या द्राक्षाकडे वळले, म्हणजे शेजारच्या 'गावी' नावाच्या गावात ज्याची वाइन होते ते. त्यांना दोष कसा देणार? तिमोरास्सो म्हणजे डोक्याला ताप. फुलोऱ्यानंतर मणी नीट धरत नाहीत, मणीगळ होते, एकाच घडात काही टपोरे तर काही बारीक, त्यात कुजायची भीती. निफाडकडच्या कुठल्याही बागाईतदाराला विचारा, तो पहिल्याच हंगामानंतर कुऱ्हाड काढेल. 1980 च्या दशकात जुन्या वेली तुरळकच उरल्या होत्या. मोन्लेआले गावच्या वाल्तर मास्साने 1987 मध्ये त्यांची निव्वळ तिमोरास्सोची वाइन केली आणि पुढे हट्टाने करत राहिला. आज रेड वाइनसाठी प्रसिद्ध बारोलोतल्या व्हिएत्ती, रोआन्या, बोर्गोन्यो अशा बड्या उत्पादकांनी इथे येऊन बागा केल्यात. बारोलोची रेड करणारे पांढऱ्यासाठी इतक्या लांब येतात, यातच काय ते आलं.

आता ग्लासातलं. ताजी वाइन फिकट, वासाला जवळजवळ मुकी: थोडा नाशपाती, लिंबाची साल, बस. तोंडात मात्र धारदार आंबटपणा आणि चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, दोघांचं अजून जमलेलं नाही. जुनीचा रंग सोनेरी होतो. बूच काढलं की आधी मध, सुकी जर्दाळू, आणि मग रॉकेल. हो, रॉकेलच. घरातल्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि विचारलं, "रेशनचं आहे का?" ही खराबी नाही. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांपासून बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू बनणारा एक घटक हा वास देतो. रीस्लिंग द्राक्षाच्या जुन्या वाइनलाही तो त्यामुळेच येतो. पहिल्या दोन घोटांत खटकतो, नंतर त्याचीच वाट बघितली जाते. आणि इतकी वर्षं होऊनही आंबटपणा जागचा हललेला नसतो, वाइन टिकते ती त्याच्या जोरावर.

फ्रिजमधून थेट ओतू नका. बारा-तेरा अंशांना खरी चव कळते, त्याखाली नुसता आंबट गारवा. अर्धी बाटली बूच लावून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती बहुतेकदा अधिक खुललेली असते. ताजी बाटली प्यायचीच असेल तर हाच उपाय.

जेवणाबरोबर: त्याच परिसरातलं मोन्तेबोरे चीज, थरावर थर रचलेलं, हे तर ठरलेलंच. केशराच्या रिसोत्तोबरोबर, म्हणजे इटालियन मऊ भाताबरोबर, उत्तम. आपल्याकडच्यात काजूची उसळ, ओल्या नारळाची आणि बेताच्या तिखटाची, फार छान जमली. माशाच्या झणझणीत कालवणाबरोबर अजिबात नको. मिरची आणि अल्कोहोल मिळून घसा जाळतात.

तक्रारी आहेत. साधी देर्तोना वीस-पंचवीस युरोच्या घरात जाते, आणि मास्साच्या कोस्ता देल वेन्तो किंवा स्तेर्पी अशा एकेका बागेच्या बाटल्या त्याहून बऱ्याच महाग. जुन्या सालाच्या बाटल्या शोधाव्या लागतात. शहरातल्या एका दुकानातून नंतर घेतलेली एक जुनी बाटली तपकिरी निघाली, डागाळलेल्या सफरचंदाच्या वासाची. शोकेसमध्ये दिव्याखाली उभी होती म्हणे. दुकानदाराने बदलून दिली नाही. तेव्हापासून मी जुनी बाटली थेट उत्पादकाकडूनच घेतो.

साठवण हाही प्रश्नच. जुलैत मिलानच्या फ्लॅटमध्ये पंखा लावूनही घामाघूम व्हायला होतं, तिथे वाइन काय मुरणार? माझ्या ताज्या बाटल्या एका मित्राच्या तळघरात आहेत. भारतात न्यायचा विचार असेल तर दोन लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता नेता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. पण पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवून ती मुरेल या भरवशावर राहू नका. जुनीच न्या, आणि पोचल्यावर आठवड्याभरात उघडा.