भिंतीसाठी लाल वीट की एएसी ब्लॉक?

मुंबईत गोराई किंवा मढला स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला विजेचे बिल खरोखर कमी करायचे असेल, तर त्याने एसी निवडण्याआधी भिंतीचा विचार करावा. भाजलेल्या लाल विटेची घनता प्रतिघनमीटर सुमारे १,८०० किलो, तर एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याची, सुमारे ६०० किलो असते. ब्लॉकमधील हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्यांमुळे त्यातून उष्णता विटेपेक्षा कितीतरी कमी आत येते. जड विटेची भिंत दिवसाचे ऊन साठवून रात्री ते सोडते. नाशिककडच्या गार रात्रींना हे मानवते. परंतु मुंबईत मे महिन्यातील रात्रीही उकाड्याच्याच असल्यामुळे पश्चिमेची विटांची भिंत नेमकी झोपेच्या वेळी खोली तापवते. म्हणून माझा कौल निःसंशय ब्लॉकला आहे.

पावसात मात्र वीट अधिक सोशिक ठरते. ब्लॉक पाणी शोषतो, आणि काँक्रीटचा बीम व ब्लॉक यांच्या सांध्यावर जाळी न लावता गिलावा केला, तर तडे जाऊन ओल येण्याची भीती असते. शिवाय ओली भिंत उष्णता नीट अडवत नाही. त्यामुळे बाहेरचा गिलावा आणि रुंद छज्जा यांत काटकसर अजिबात करू नये.