१०×५० दुर्बीण, जुळे सोलापूरची गच्ची आणि अल्गोल : आठ महिन्यांनंतर

दसऱ्याला साडेआठ हजारांची दोन डोळ्यांची दुर्बीण घेतली, १०×५० ची. आता मे संपत आला. सुरुवातीलाच लिहिणार होतो, पण तेव्हा सगळंच भारी वाटत होतं. आता नोंदींच्या दोन वह्या भरल्यात, म्हणून लिहितो.

दहापट मोठं दिसतं, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची. वजन किलोच्या आसपास. नुसती हातात धरली की पाच मिनिटांत तारे थरथरायला लागतात. एल आकाराची पट्टी आणून कॅमेऱ्याच्या स्टँडवर बसवली तेव्हा कुठे नीट बघता आलं. पट्टी दुर्बिणीसोबतच घ्या. गुरूचे चार चंद्र दिसतात. कृत्तिका बघायला आई गच्चीवर आली आणि अर्धा तास खाली उतरली नाही. शनीची कडी मात्र दिसत नाहीत. दहापटीत ती दिसणारच नाहीत, दुकानदार काहीही सांगो.

जानेवारीत दुर्बीण कठड्यावरून घसरून पडली. आतले प्रिझम सरकले आणि एका चंद्राचे दोन दिसू लागले. गावात एकाने 'जमतंय की' म्हणून ठेवून घेतली. परत मिळाली तेव्हा दोन चंद्र तसेच आणि फोकसचं चाक घट्ट. शेवटी पुण्याला पाठवली. तीन आठवडे गेले, बाराशे रुपये गेले. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस तसेही दारूकामाच्या धुरात जातात, पण ते तीन आठवडे मला फार जड गेले.

मुळात मी ही घेतली रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्यांसाठी. ययाती तारकासमूहातला अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, २.१ प्रतीवरून ३.४ वर येतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद), कारण त्याचा मंद जोडीदार त्याच्या पुढून जातो. १७८३ मध्ये जॉन गुडरिकने हा कालावधी मांडला. वय अठरा-एकोणीस, कानांनी ऐकू येत नव्हतं, आणि साधन म्हणजे मुख्यतः डोळे. मला त्या मुलाबद्दल फार आदर वाटतो.

पद्धत माझ्या ओळखीचीच निघाली. टॉवेलच्या कारखान्यात नव्या लॉटचं सूत आम्ही दोन नमुन्यांच्या मधे धरतो : याच्यापेक्षा गडद, त्याच्यापेक्षा फिकं. इथेही एक जास्त तेजस्वी तारा, एक मंद तारा, आणि आपला तारा त्यांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. नमुनाच चुकीचा घेतला तर मात्र सगळा लॉट बिघडतो, आणि माझं तेच झालं. अल्गोलच्या शेजारी रो पर्सेई हा तारा आहे, दोघं दुर्बिणीत एकदम मावतात, म्हणून मी तुलनेला तोच धरला. एका रात्री अल्गोलचं किमान तेज ३.४ आलं, पुढच्या खेपेला ३.१. मी डोळ्यांना दोष देत राहिलो. मग कळलं की रो पर्सेई स्वतःच रूपविकारी आहे, ३.३ ते ४.० च्या दरम्यान बदलतो! त्रिकोण तारकासमूहातला ३.४ प्रतीचा अल्फा तारा तुलनेला चांगला आहे, पण तो अल्गोलसोबत एका दृश्यात मावत नाही, दुर्बीण मागे-पुढे फिरवावी लागते. पाठवलेल्या सहा नोंदी काढून टाकल्या. वहीतल्या मात्र खोडल्या नाहीत, शेजारी लाल पेनाने कारण लिहिलं.

नोंदी जातात एएव्हीएसओकडे. ही अमेरिकेतली संस्था १९११ पासून जगभरातल्या हौशी लोकांची निरीक्षणं जपते आणि कुणालाही वापरू देते. ढग असले, शंका असली, तर तेही नोंदवायची सोय आहे. हे मला सगळ्यात आवडलं.

भाचा म्हणाला, "मामा, अल्गोलच्या वेळापत्रकात किती मंद होणार ते आधीच छापलंय, तेच लिहून टाका की." मी त्याला काक्षीची गोष्ट सांगितली. २०१९ च्या शेवटी मृगातला हा तांबडा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली आणि पृष्ठभागाचा काही भाग थंडावला, असं पुढे संशोधनातून दिसलं. त्या हिवाळ्यात सगळ्यांनी पुस्तकातला नेहमीचा आकडा लिहिला असता, तर त्या वह्यांत काही घडलेलंच दिसलं नसतं. भाचा गप्प बसला आणि पुढची नोंद त्याने स्वतः घेतली, वेळेसकट.

शेजारच्या काकू शनी बघायला आल्या आणि साडेसातीचं विचारलं. वाद न घालता २००८ चा प्रयोग सांगितला. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० दिल्या : कोणती कुणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच. काकूंनी विचारलं, "आणि ९० टक्के आले असते तर?" तर नारळीकरांना तेही छापावं लागलं असतं, असं मी म्हणालो. काकू अजून शनिवार करतात, पण त्या दिवसापासून नोंदीच्या वेळी टॉर्च त्याच धरतात, लाल कागद गुंडाळलेला.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं हिप्परगा तलावाकडे गेलो, भाकरी आणि शेंगाचटणी बांधून. साडेदहाच्या सुमाराला दक्षिणेला क्षितिजापासून २५ अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आला, धुरकट गोळा, सतरा हजार प्रकाशवर्षं दूर, जवळपास एक कोटी तारे. युरोपात बहुतेकांना तो दिसतच नाही. काकूंनी दुर्बीण सोडायला वीस मिनिटं घेतली. मी वहीत लिहिलं : आकाश स्वच्छ, वारा थोडा, निरीक्षक तीन.