पार्सल पोचले, पत्ता मात्र बदलला : परदेशी ग्राहकाकडून झालेली फसवणूक

परदेशात संग्राह्य कार्डे पाठवणारे बहुतेक विक्रेते आपली सगळी काळजी पॅकिंगवर खर्च करतात. माझ्या पॅकिंगला काहीच झाले नाही. पार्सल ठाण्याहून अमेरिकेत शाबूत पोचले. तरीही कार्ड गेले आणि पैसेही गेले, कारण लबाडी पार्सलच्या आत नव्हे, तर त्याच्या पत्त्यात झाली. आपल्याकडचे अनेक विक्रेते या प्रकाराबाबत अनभिज्ञ आहेत, म्हणून तो सविस्तर मांडत आहे.

कार्ड होते पोकेमॉनच्या १९९९ सालच्या इंग्रजी बेस सेटमधले चारिझार्ड, क्रमांक ४/१०२, कार्डांची अवस्था तपासून प्रत ठरवणाऱ्या पीएसए कंपनीने (१० पैकी) ८ ग्रेड देऊन स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, बंद केलेले. ग्राहकाने घासाघीस न करता ८५० डॉलर भरले. (असा ग्राहक संशयास्पदच असतो, असे आता मित्र सांगतात, पण भाव मान्य करणारे प्रामाणिक लोकही असतातच.) त्याने एकच विनंती केली : पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून किंमत २० डॉलर दाखवावी. मी नकार दिला, कारण सीमाशुल्काच्या कागदावर खोटी किंमत लिहिणे बेकायदेशीर आहे आणि पार्सल हरवल्यास भरपाईसुद्धा त्या खोट्या किमतीपुरतीच मागता येते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केल्यामुळे अशा विनंत्यांना आयतेच निमित्त मिळाले आहे. नकार ऐकूनही हा गृहस्थ नाराज झाला नाही, कारण त्याचा खरा डाव पुढे होता.

मी पार्सल खाजगी कुरिअरने, पेमेंट सेवेच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावरच, सही घेऊन देण्याच्या अटीवर पाठवले. ते अमेरिकेत उतरताच ग्राहकाने ट्रॅकिंग क्रमांकाच्या आधारे तिथल्या कुरिअर कंपनीकडे परस्पर पत्ताबदल मागितला, दुसऱ्या गावातल्या काउंटरवर पार्सल ठेवून घेतले आणि सही करून ते उचलले. ट्रॅकिंगवर ‘पोचले’ अशी नोंद झाली. त्यानंतर त्याने पेमेंट सेवेकडे तक्रार केली की वस्तू मिळालीच नाही.

सेवेने माझ्याकडे पोच मागितली आणि मी ती दिली. पण पार्सल जिथे दिले गेले तिथला पिनकोड नोंदीतल्या पिनकोडशी जुळत नव्हता, म्हणून निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. माझे पैसे बँकेत केव्हाच जमा झाले होते, तेव्हा सेवेने माझे खाते उणे दाखवून रक्कम वसूल केली. कुरिअर कंपनीचे म्हणणे असे की पार्सल हरवलेले नाही, ते घेणाऱ्याच्याच सांगण्यावरून त्यालाच दिले आहे, त्यामुळे विम्याचा प्रश्नच येत नाही. पत्ताबदल ग्राहकाने मागितल्याचे लेखी पत्र मी कंपनीकडून मिळवले आणि फेरविचारासाठी पाठवले, तेव्हा उत्तर आले की मूळ पत्त्यावरून वळवलेल्या पार्सलला विक्रेता-संरक्षण लागू होत नाही, मग ते कोणीही वळवलेले असो. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमांत चोख बसतात, आणि ठग नेमका या दोन नियमांमधल्या फटीत बसतो.

त्यामुळे यावर उपाय आहे तो बुकिंगच्या वेळीच. काही कुरिअर कंपन्या पाठवणाऱ्याच्या मागणीवरून, घेणाऱ्याला मिळणारी पत्ताबदलाची सोय बंद करतात. स्थानिक शाखेतल्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक नसेल तर ग्राहकसेवेकडून ईमेलवर लेखी होकार घ्यावा आणि तो मिळेपर्यंत महाग कार्ड हातचे सोडू नये. ग्राहकाने पैसे भरल्यावर तुमच्याकडेच नवा पत्ता कळवला, तर सौदा रद्द करून पैसे परत करावेत आणि नव्या पत्त्यासह पुन्हा खरेदी करायला सांगावे. डेलावेअर किंवा ओरेगॉनमधला, घरक्रमांकापुढे लांबलचक सांकेतिक आकडे असलेला पत्ता हा बरेचदा माल पुढे पाठवणाऱ्या गोदामाचा असतो. तिथून कार्ड कुठे जाते यावर तुमचा काहीही ताबा राहत नाही.

ग्राहकाने माल परत करताना तुमच्या कार्डाऐवजी दुसरेच कार्ड पाठवण्याचा प्रकारही चालतो. त्यासाठी स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक कॅमेऱ्यासमोर दाखवण्यापासून पाकिटावर चिकटपट्टी लावण्यापर्यंतचे चित्रण एकसंध, न थांबवता करावे. स्लॅब नसलेल्या कार्डाचे चारही कोपरे आणि पृष्ठभागावरच्या छपाईच्या रेषा तिरप्या उजेडात टिपून ठेवाव्यात. परत आलेले कार्ड तेच आहे की नाही, हे त्यावरूनच सिद्ध करता येते. परत आलेले पार्सल उघडतानाही असेच चित्रण करावे.

ही सगळी सामग्री पार्सल पोचल्याबरोबर पुसून टाकू नये. मी वापरत असलेल्या सेवेत ग्राहकाला तक्रारीसाठी १८० दिवसांची मुदत असते, आणि कुरिअरकडची पत्ताबदलाची नोंद तर पहिल्याच आठवड्यात मागवलेली बरी. मी १९३० या हेल्पलाइनवर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि अमेरिकेच्या एफबीआयच्या आयसी३ या तक्रार केंद्राकडे, कुरिअरच्या पत्राची प्रत जोडून, तक्रार नोंदवली आहे. रक्कम अजून परत मिळालेली नाही.