‘फ्री करिअर गाईडन्स’च्या नावाखाली कोर्स विकतात, भाच्याच्या बाबतीत काय झालं ते वाचा

मुद्दाम सगळं लिहितोय, कारण ॲडमिशनच्या टायमाला या लोकांचे फोन परत सुरू होतात. भाच्याला शाळा संपल्यावर इलेक्ट्रिशियनचं शिकायचं होतं, घरात पंखा, मोटर काही बिघडलं की तोच उघडून बसायचा. ताईला फोन आला, मुलाचं करिअर काउन्सेलिंग फ्री करून देतो. दोघं गेले तर तिथे दहाही बोटांचे ठसे घेतले, रंगीत चार्टवाला रिपोर्ट हातात दिला आणि सांगितलं की मुलाचा मेंदू डिझाइनचा आहे, वायरिंगमध्ये वाया जाईल, ॲनिमेशनचा डिप्लोमा करा, जॉबची शंभर टक्के गॅरंटी, आणि फी आजच भरली तर डिस्काउंट. कोर्स त्याच मजल्यावर, बाजूच्या केबिनमध्ये. ताईने विश्वासाने पूर्ण फी भरली.

पुढे बॅचमधल्या पोरांनी रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले तर सगळ्यांत तीच वाक्यं, नावं तेवढी वेगळी. काउन्सेलरला प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन होतं हेही तेव्हाच कळलं. जॉब कुणालाच लागला नाही, आणि भाच्याने अप्रेंटिसशिपला अर्ज केला तेव्हा हे सर्टिफिकेट चालत नाही म्हणून सांगितलं, संस्थेला मान्यताच नव्हती.

ठशांचा मला जास्त राग येतो. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात, त्यावरून पोराला वेल्डिंग आवडेल की नर्सिंग हे कसं कळणार? कल बघायच्या खऱ्या पद्धती आहेत, जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आवडीनुसार माणसांचे सहा प्रकार केलेत, ते बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण त्यात मुलाला प्रश्न विचारतात, काय करायला आवडतं, काय जमतं. फ्रँक पार्सन्सने 1908 मध्ये बॉस्टनला हे मार्गदर्शनाचं काम सुरू केलं तेव्हा त्याचं म्हणणं हेच होतं की आधी स्वतःला ओळखा, मग कामाची माहिती काढा आणि मग दोन्हीचा मेळ घाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1975 च्या 142 नंबरच्या करारात तर स्पष्ट आहे की मार्गदर्शनात कामाच्या अटी, सेफ्टी, बढती, नोकरीची शक्यता अशी शक्य तितकी पूर्ण माहिती द्यायची. ताईला यातलं एक अक्षर सांगितलं नाही, फक्त फी सांगितली.

म्हणून काउन्सेलरला पैसे कोण देतं हे पहिलं विचारा. मान्यता त्यांच्या ब्रोशरवर बघू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा, आणि वर्कशॉप उघडायला लावून मशीन किती, प्रॅक्टिकलचे तास किती ते बघा, मागच्या बॅचच्या पोरांशी संस्थेचं कुणी समोर नसताना बोला. आजच भरा म्हणाले की उठून या.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावती, रिपोर्ट, जॉबचं आश्वासन दिलेला मेसेज काहीच डिलीट करू नका, रिफंड लेखी मागा. ताईने तसंच मागितलंय, उत्तर आलं नाही म्हणून आता ग्राहक तक्रार केलीय. भाचा इलेक्ट्रिशियनच्या मान्यताप्राप्त कोर्सला लागलाय, त्याला हवा होता त्याच.